फ्लेक्सवरची वर्दी

बाबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि मी तुम्हाला असं सरळ पत्र कधीच लिहिलं नाही. पलटणीतून लिहायचो ते आईच्या नावानं, आणि शेवटच्या ओळीत 'बाबांना नमस्कार'. आई ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची आणि तुम्ही शेवंती निवडत बसायचात, ऐकत नसल्यासारखे. मग दोन दिवसांनी तिला हळूच विचारायचात, "त्यानं थंडीचं लिवलं होतं ना, आता कसं हाय तिकडं?" हे तिनं मला तुम्ही गेल्यावर सांगितलं. आज लिहितो आहे, कारण येत्या सोमवारी तुमच्या नातवाची पलटणीच्या सी.ओ. साहेबांपुढे पेशी आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. आता तो नाईक आहे, माझ्याच पलटणीत, आणि हवालदारीच्या कोर्ससाठी त्याचं नाव लागलं आहे. पेशीत उलटं झालं तर त्याच्या कागदावर लाल शाईनं नोंद होईल, आणि लाल शाई एकदा पडली की बढतीच्या प्रत्येक पायरीवर तीच आधी वाचतात. गुन्हा त्यानं केलेला नाही. तो कोणी केला ते सांगायलाच बसलो आहे, पण मला जरा आडवळणानं येऊ द्या. सरळ सांगायचा दम असता तर ही वेळच आली नसती.

पातूरजवळच्या आपल्या वावरात हल्ली धाकटा भाऊ भाजी लावतो. झेंडू बांधापुरता उरला आहे. पण निवडणुका आल्या की मला अजून झेंडूचाच वास येतो. पहाटेच्या पहिल्या एसटीच्या टपावर तुम्ही फुलांची गाठोडी चढवायचात आणि अकोल्याच्या फूलबाजारात चार बांबू आणि एका तरटाच्या त्या दुकानात दिवसभर मांडी मोडायची नाही. प्रचार सुरू झाला की तुमची सुई थांबत नसे. सकाळी एका पक्षाचा माणूस येई, दुपारी त्याच्या वैऱ्याचा. दोघांनाही वाटायचं की आपल्या नेत्याचा हार दुसऱ्यापेक्षा वरचढ व्हावा, आणि ते तुम्हाला नेत्याचं नाव, त्याचं गाव, त्याचा मान असं सगळं सांगू लागायचे. तुम्ही हात वर करायचात. "लांबी सांगा. कोनाचा हाय ते सांगू नका." लोक हसायचे. मलाही लहानपणी ते धंद्यातलं शहाणपण वाटायचं, सगळ्या गिऱ्हाइकांना धरून राहायची युक्ती.

पण मतदानाच्या दिवशी तुम्ही दुकान बंद ठेवायचात, हे त्या युक्तीत बसत नव्हतं. निकालाच्या हारांची मागणी तर त्याच दिवशी यायची. तुम्ही धुतलेला सदरा घालून सगळ्यांत आधी रांगेत. घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता विचारायची, "कोनाले देलं?" आणि तुम्ही पाटावर बसत म्हणायचात, "ते पेटीले माहीत." ती चिडायची. बायकोलाही सांगत नाही असा कसला माणूस, म्हणायची, आणि मुद्दाम ठेच्यात मिरची वाढवायची. तुम्ही डोळ्यांतून पाणी काढत तो ठेचा खायचात, पण नाव काही सांगितलं नाहीत. मेलात तरी सांगितलं नाहीत.

आता त्या दिवसाचं बोलतो. मी बावीस वर्षांचा. पहिल्याच लांब सुट्टीवर आलो होतो आणि वर्दी अंगातून काढवत नव्हती. बाजारात, देवळात, हजामाकडे, सगळीकडे वर्दीतच. तुमच्या दुकानी एका पक्षाची माणसं मोठा हार न्यायला आली, त्यांनी मला पाहिलं आणि एकाच्या डोक्यात आलं की फौजीच्या हातून साहेबांना हार घातला तर सभा गाजेल. तुम्ही पाठमोरे बसून दोरा ओवत होतात. तुम्हाला विचारावं असं मला सुचलंही नाही. मी गेलो. मंडप तुडुंब भरलेला, माझं नाव लाउडस्पीकरवर, मी तुम्हीच गुंफलेला तो हार नेत्याच्या गळ्यात घालतो आहे आणि लोक टाळ्या वाजवताहेत. टाळ्या त्याला होत्या की मला, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही, पण त्या वेळी मला शंका नव्हती. परत आलो तेव्हा कपाळभर गुलाल होता. तुम्ही मान वर केली नाहीत. सुई आरपार गेली, दोरा ओढलात, आणि म्हणालात, "म्या हार इकतो. तू काय इकलं आज?"

मी म्हणालो, "म्या काय इकलं? फुकटच तर गेलो."

"मंग तर आनखीच सस्तात गेलं," तुम्ही म्हणालात.

शेजारचा हारवाला फिसकन हसला. तुम्ही खुंटीवरचा तुमचा जुना सदरा काढलात आणि माझ्या अंगावर फेकलात. "हे कपडे उतर पहिले. उद्या दंगा झाला, पूर आला, तर ह्याच कपड्यातले लोकं येतील आपल्या दाराशी. तवा समोरच्या पार्टीच्या मानसानं तुले पाहून दार लावून घेतलं तर?" तरटाच्या आडोशाला मी वर्दी काढली. सदरा मला आखूड झाला होता आणि त्याला शेवंतीचा, घामाचा वास. सगळा बाजार बघतो आहे असं वाटत होतं. खरं सांगतो, बाबा, त्या दिवशी मला माझी लाज वाटली नाही, तुमची वाटली. सुईनं बोटं भोसकून घेणारा माणूस मला, हिंदुस्थानच्या फौजेतल्या शिपायाला, देशाचं शिकवतो, असं मनात आलं. पुढच्या पत्रात मी शेवटची ओळसुद्धा गाळली होती. आईनं ती स्वतःच्या मनानं जोडून तुम्हाला सांगितली असणार.

तुम्ही म्हणालात तेच पुढे मला पलटणीनं शिकवलं, फक्त इंग्रजी कागदावर. निवडणुका यायच्या, सरकारं बदलायची, आमच्या बरॅकमध्ये सकाळची पीटी त्याच वेळी आणि संध्याकाळचं जेवण त्याच ताटात. कोण जिंकलं यावर पैज लावायचीही चोरी होती. सुरुवातीला जाच वाटायचा, मग त्यातलं सुख कळलं. पंजाबचा, बिहारचा, साताऱ्याचा, आमचा वऱ्हाडातला, सगळे एकाच सतरंजीवर, आणि कोणाच्या मनात कोणतं चिन्ह आहे ते कोणाला ठाऊक नाही. ठाऊक नसलं की पाठ द्यायला भीती वाटत नाही. मी सुभेदार झालो तेव्हा असल्याच कारणावरून एका जवानाला स्वतः पेशीला उभं केलं होतं. सुट्टीवर जाऊन वर्दीत मोर्चात चालला होता तो. बिचारा रडत होता. मी त्याला तुमचंच ते 'तू काय इकलं आज?' ऐकवलं होतं, तुमचं नाव न घेता, माझंच असल्यासारखं.

निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी निवडणुकीच्या बंदोबस्ताला माजी सैनिक हवे होते, म्हणून मला धारणीच्याही पुढच्या एका गावात पाठवलं. जीप जिथवर जाईल तिथवर जीप, पुढे पायी. शाळेची एक खोली, तेच मतदान केंद्र, आणि मी दाराशी काठी घेऊन ताठ उभा. सकाळी एक म्हातारी कोरकू बाई आली, मला पाहून थबकली आणि अंगणाच्या कडेलाच बसून राहिली. तासभर झाला तरी उठेना. शेवटी तिथल्या अंगणवाडीच्या बाईंनी तिच्या बोलीत विचारलं, तेव्हा कळलं की हा शिपाई कोणाचा माणूस आहे आणि तो आत काय सांगणार आहे याची तिला धास्ती होती. मी काठी घेऊन मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो, दाराकडे पाठ करून. थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं तर ती बोटाची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून घराकडे चालली होती. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षं सीमेवर जे केलं तेच इथं केलं, असं वाटलं, आणि तुमची आठवण आली.

इतकं सगळं कळत असलेला माणूस मी. पुढचं ऐका.

तुमच्या नातवाचे दिवस आमच्यासारखे नाहीत. गावातलं भांडण आमच्यापर्यंत पत्रातून पोचायचं तेव्हा त्याला आठ दिवस झालेले असायचे, भांडणारे एकत्र चहा प्यायला लागलेले असायचे. आता पोस्टवर प्रत्येकाच्या खिशात फोन. ड्यूटी उतरून जोडे काढतो न काढतो तोच तीनशे निरोप. आरक्षणाचं आंदोलन तापलं तेव्हा त्याच्या सेक्शनमधला जोडीदार, परभणीकडचा, एका बाजूच्या समाजाचा आणि हा दुसऱ्या बाजूच्या. दोघं आठ महिने एका बंकरमध्ये पाठीला पाठ लावून राहिलेले, एकाच डब्यातलं लोणचं खाणारे. आणि घरून त्याच्या फोनवरच्या गटात विचारणा, ह्याच्या गटात विचारणा: तुमी फौजी लोकं गप्प काहून? समाजाच्या बाजूनं बोला. तुमच्या नातवानं मला फोनवर विचारलं, "बाबा, काय सांगू त्याईले?" मी म्हणालो, "फोन बंद कर अन् झोप." तेवढं तरी बरोबर सांगितलं होतं. लोक आमच्या नावानं भांडतात, टीव्हीवर आमच्या नावानं एकमेकांना देशद्रोही ठरवतात, आणि आम्हाला उत्तर द्यायची मुभा नाही. ती नसावीच, हे मला मनापासून पटतं. बंदूकवाल्यानं मत सांगायला सुरुवात केली की बिनबंदुकीच्या माणसाचं मत राहत नाही. पण मग आमच्या तोंडात दुसऱ्यांनीही शब्द घालू नयेत ना. तेवढं मात्र कोणी पाळत नाही.

मीही पाळलं नाही. माझा एक शाळासोबती आपल्या सर्कलमधून जिल्हा परिषदेला उभा राहिला. गेल्या महिन्यात चार माणसं घेऊन घरी आला. निवृत्त फौजीचं गावात कसं असतं ते तुम्हाला माहीत नाही, बाबा. पंधरा ऑगस्टला पुढच्या खुर्चीवर, सव्वीस जानेवारीला पुढच्या खुर्चीवर, आणि मधल्या काळात बँकेत रांगेत. तो मात्र दारातूनच 'सुभेदार साहेब' करत आला. चहा झाला. म्हणाला, "चौकात बॅनर लावून राहिलो, आपल्या सर्कलचे फौजी म्हनून. तुमचा एक चांगला फोटो द्या." हल्ली आपल्याकडे वाढदिवस, बारसं, बढती, कशालाही फ्लेक्स लागतो, कुणाचं कुत्रं व्यालं तरी लागेल. मी फोन चाळू लागलो. माझा निवृत्तीच्या दिवसाचा फोटो म्हणजे पोट पुढे आणि टोपी तिरकी. पुढे सरकवता सरकवता पोराचा आला. पंधरा दिवसांपूर्वीच त्यानं पाठवला होता, पूर्ण वर्दी, छातीवर पदकं, नावाची पट्टी लखलखीत. खाली लिहिलं होतं, 'हा फक्त घरासाठी.' मी म्हणालो, "माझा कशाले? याचा लावा. माझ्यावरच गेला हाय."

उमेदवारानं, बाबा, खुद्द उमेदवारानं मला विचारलं, "चालते ना? तो नोकरीत हाय अजून."

"चालते बे," मी म्हणालो. "सत्काराचाच तर हाय."

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. हा नियम मी रंगरुटांना शिकवला आहे.

तिसऱ्या दिवशी पातूरच्या स्टँडसमोर उतरलो तर तुमचा नातू दोन पुरुष उंच उभा. शेजारी उमेदवार हात जोडून, वर पक्षाचं चिन्ह, आणि खाली लाल अक्षरात, 'फौज आमच्यासोबत. तुम्ही?' आधी काय झालं ते लपवत नाही. आधी माझी छाती फुगली. रस्त्यावरची माणसं मान वर करून आपल्या पोराकडे बघताहेत, हे दृश्य मी मिनिटभर उभा राहून पाहिलं. मग ती ओळ वाचली. त्या आठवड्यात दोन्ही पक्ष टीव्हीवर हेच भांडत होते, फौजेचा अपमान कोणी केला आणि फौज कोणाची. मी उमेदवाराला फोन केला, उतरवा म्हणालो. तो हसला. "दोन दिवसाचा तं प्रश्न हाय, साहेब. लोकं किती खुश होऊन राहिले पाहा."

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बाजूनं त्या फ्लेक्सचं चित्रण करून सगळीकडे पाठवलं होतं. नोकरीतला शिपाई प्रचारात. एकानं त्याला वाघ म्हटलं, एकानं विकला गेलेला, तिसऱ्यानं त्याची जात विचारली. चार-पाचशे लोकांनी त्याच्याबद्दल लिहिलं आणि त्यातल्या एकानंही त्याला पाहिलेलं नव्हतं. तक्रार निवडणूक कचेरीत गेली, तिथून पलटणीत. आणि परभणीचा तो जोडीदार, त्याचं घर समोरच्या पक्षाचं. तो चार दिवस ह्याच्याशी बोलला नाही. भांडला असता तर बरं, म्हणाला तुमचा नातू. गप्प राहून शेजारी पहारा देत होता.

मग त्याचा फोन आला. आवाज अगदी सपाट, आमच्याकडे रिपोर्ट देतात तसा. "फोटो पार्टीकडे कसा गेला, विचारलं. म्या सांगितलं, मीच देला."

"तू देला म्हनून काहून सांगितलं?" मी विचारलं.

"मंग काय सांगू? तुमचं नाव अजून घेतात इथं, बाबा. नवीन पोट्ट्यांले सुभेदार मेजर साहेब तुमचं उदाहरन देतात. त्याईले काय सांगू, का..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो फोटो त्यानं जगात एकाच माणसाला पाठवला होता.

मी काय बोललो असेन असं तुम्हाला वाटतं? मी 'बरं' म्हणालो. त्यानं तब्येतीची विचारपूस केली, मी गोळ्या घेतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. 'बरं' हा काय शब्द आहे, बाबा? पोरगा स्वतःची बढती माझ्या नावासाठी घालवतो आहे आणि मी त्याला 'बरं' म्हणतो.

तुमची सून आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, "पोरगा पलटनीले देला, ते ठीक. फ्लेक्सवाल्याईले काहून देला?" दोन दिवस झाले, ताट ठेवते आणि जाते.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता याचा मी फार विचार केला. तुम्ही असता तर म्हणाला नसता, उठून गेला असता, पहिली एसटी पकडून, थेट सांगायला की चूक माझ्या पोराची आहे, नातवाची नाही. तुम्हाला स्वतःच्या नावाची काळजी नव्हती. मला आहे. चौकात कोणी ओळखत नाही तरी हजार मैलांवर एका बरॅकमध्ये माझं उदाहरण देतात, एवढ्यावर मी जगतो आहे, हे मला परवा कळलं. खरं सांगितलं तर तेही जाईल. जाऊ नये म्हणून मी स्वतःला समजावत राहिलो, की खरं सांगितलं तर पोरगा साहेबांपुढे खोटं बोलला असं ठरेल, त्याचं आणखी नुकसान होईल. हे अर्धं खरंही आहे. पण मी सुभेदार होतो. बापासाठी खोटं बोललेल्या शिपायाला कोणता साहेब काय शिक्षा देतो आणि प्रचारात उतरलेल्याला काय, आणि त्यातली पहिली किती हलकी असते, हे मला तुमच्या सुईइतकं स्पष्ट दिसतं.

आज शुक्रवार आहे. सकाळी हा कागद सी.ओ. साहेबांना लिहायला म्हणून घेतला होता, आणि वर 'बाबा' लिहून बसलो, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. शिवाय टपालानं पत्र सोमवारच्या आत तिथं पोचत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. फोनच करावा लागेल. सुभेदार मेजर माझ्याच हाताखाली तयार झालेला आहे, नंबर फोनमध्ये आहे, तो पहिल्या घंटीला उचलतो. 'फोटो मी दिला, पोराचा त्यात हात नाही, साहेबांना सांगा', एवढंच बोलायचं आहे. मिनिटभराचं काम. दुपारचे तीन वाजले, बाबा, आणि मी सकाळी आठपासून तुम्हाला लिहितो आहे.